रक्त वाढवणारी कढई

मी एक जुनी लोखंडी कढई आहे. बुडाला काळी, काठाला त्याहून काळी. मित्रांनो, जुन्या कढईनं आपली गोष्ट सांगायची म्हणजे तिनं आधी थोडं रडावं, मला अडगळीत टाकलं, मोडीत घातलं असं म्हणावं, अशी रीत आहे. मला मोडीत कोणी घातलं नाही. मला एका डॉक्टरांनी बंद केलं. औषध बंद करतात तसं, चिठ्ठीवर लिहून. "कढई बंद." खाली सही. ती चिठ्ठी अजून आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत आहे.

अशी चिठ्ठी मिळालेली दुसरी कढई कुठं असेल तर मला कळवा. पोस्टकार्ड टाका. ते आमचा डाकवाला देवमनच आणून देईल, आणि चालत आणून देईल. चालत, हे महत्त्वाचं आहे. कारण ही गोष्ट खरं तर त्याच्या पायाची आहे. तो पाय जायला आला होता, आणि त्यात माझा हात होता. कढईला हात नसतात, कान असतात. तर, माझा कान होता.

माझा जन्म रिसोडच्या बाजारात, सडकेच्या कडेला झाला. गाडीलोहारांचा मुक्काम होता. लोहारानं सांडशीत धरून मला फिरवलं आणि त्याच्या बायकोनं वरून घण घातला. माझं पोट एका मोडलेल्या पुलाच्या पत्र्याचं आहे आणि दोन्ही कान बैलगाडीच्या चाकाच्या धावेचे. म्हणजे पूर्वी मी स्वतःच स्वतःवरून जात असे. एवढा अनुभव गाठीशी असलेलं भांडं त्या बाजारात दुसरं नव्हतं.

लिलाबाई नावाच्या बाईनं मला उचललं, बोटानं टणटण वाजवलं आणि विचारलं, "गळंन का हे?"

लोहारीण म्हणाली, "बाई, तू गळशील. ही नाही."

लिलाबाईनं मला लेकीच्या लग्नात दिलं. लेकीचं नाव वच्छला. लग्न बौद्ध पद्धतीनं झालं, नवरा पांढऱ्या कपड्यात, नवरी पांढऱ्या लुगड्यात, साऱ्या मांडवात काळी अशी मी एकटी. निघताना लिलाबाईनं लेकीच्या कानात सांगितलं, ते मी ऐकलं. "वच्छे, हिच्यात आंबट भाजी करत जाय. अंबाडी काळी पडली म्हनजे समज, लोखंड उतरलं. ते सीधं रक्तात जाते."

आणि ते खरं होतं. पहिल्या बाळंतपणानंतर वच्छला कागदासारखी पांढरी झाली होती. नर्सबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हिच्यातच शिजव. याच्यापेक्षा चांगलं औषध माझ्याकडेही नाही." मी दोन महिन्यांत वच्छलाचे गाल परत आणले. बाहत्तरच्या दुष्काळात बाया खडी फोडायला जायच्या आणि संध्याकाळी वावराच्या धुऱ्यावरचा तरोटा, म्हणजे टाकळ्याची भाजी, खुडून आणायच्या, तेव्हा साऱ्या वस्तीत मी फिरत होते. आज हिच्या चुलीवर, उद्या तिच्या. कोणी गरोदर राहिली की सासूच्या आधी मला कळायचं. बाया म्हणायच्या, "वच्छलाची कढई आनली म्हनजे रक्त आलं." मित्रांनो, स्तुती ऐकून लोखंड वितळत नाही म्हणतात. जवळपास वितळतं.

आता देवमन.

वच्छलाचा नवरा देवमन वाशीमजवळच्या मालेगावच्या पोस्टाचा डाकवाला. पाच गावं आणि एक तांडा रोज पायी. सरकारनं त्याला सायकल मंजूर केली होती. ती कागदावर चालायची आणि देवमन सडकेवर. पायांवर त्याची नोकरी होती, आणि नोकरीवर आमची चूल.

शहात्तर साली त्याचं तोंड लाल होऊ लागलं. लोक म्हणाले, देवमनले पगार मानवला. मग आंघोळ झाली की अंगभर खाज सुटू लागली. वच्छलानं साबण बदलला, मग विहीर बदलली, शेवटी न्हाणीची जागा बदलली. खाज तिथंही पत्ता शोधत आली. डाकवाल्याचं घर सापडायला काय वेळ लागतो?

मग पोटऱ्या. आमच्या गावापासून सडकेपर्यंत सात लिंबाची झाडं आहेत. आधी देवमन सातही लिंब एका दमात जायचा. पाऊस सरला तेव्हा पाचव्या लिंबाला थांबू लागला. पोटरीत दगडासारखा गोळा यायचा. उभं राहिलं की गोळा विरायचा, चाललं की परत यायचा. थंडी पडली तेव्हा तिसरा लिंब. होळीला दुसरा.

गावातही तेच. बरोबर भागिरथेच्या दारात त्याचा पाय धरायचा. भागिरथा म्हातारी आमची शेजारीण, तिची आणि आमची भिंत एकच. तिचा मुलगा शेषराव दूर बल्लारशाकडे कोळशाच्या खाणीत. दारात डाकवाला थांबला म्हणजे पत्र आलं, हा जगाचा नियम. म्हातारी हातातलं सूप टाकून धावत यायची.

"आलं का रे शेषरावचं?"

"नाई माय. सहज उभा हावो."

"डाकवाला कोनाच्या दारात सहज उभा राह्यते?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी देवमन खोटं बोलला, "पत्ता वाचून राह्यलो." म्हातारी आमच्या चुलीपाशी येऊन म्हणाली, "वच्छला, तुया नवऱ्याले वाचता येनं बंद झालं का व? रोज माह्याच दारात पत्ता वाचते."

एका दुपारी देवमन उंबऱ्यावरच बसला. हात छातीवर, कपाळावर घाम. थोड्या वेळानं कळ उतरली. दुसऱ्या दिवशी तो वाशीमला जाड चष्म्याच्या डॉक्टरांकडे गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा मी चुलीवर होते.

"रक्त जास्त झालं म्हनते," तो म्हणाला.

वच्छलाच्या हातातला उलथना थांबला. "काय झालं म्हनते?"

"जास्त. हाडात रक्ताचा कारखाना असते म्हने. माहा थांबूनच नाई राह्यला. रक्त घट्ट झालं. अन् रक्ताच्या नळ्या आतून लेपल्या, विडीनं. घट्ट रक्त, बारीक नळी. म्हनून पायात गोळा, म्हनून छातीत कळ."

"मंग?"

"मंग काढते म्हने. दर पंधरा दिवसानं एक बाटली."

"रक्त?"

"नाई, ताक."

वच्छला हसली नाही. "साऱ्या गावातल्या बाया पांढऱ्या फटक पडल्या, अन् तुमालेच रक्त जास्त? कोठून आनलं तुमी?"

"डाकेनं आलं असंन," देवमन म्हणाला. पण त्याचा आवाज बारीक होता.

त्यानं कागद उघडून दाखवला. छातीत कळ आली की जिभेखाली धरायची बारकी गोळी. रक्त गोठू नये म्हणून रोज दुसरी, पण तीही मापातच, कारण रक्त फार पातळ झालं तर कुठून तरी वाहायला लागेल. घट्ट राहिलं तर अडकेल, पातळ झालं तर सांडेल. विडी बंद. "दोन आजार हायेत," देवमन म्हणाला, "अन् दोनी जानारे नाईत. दोघाईले संगं सांभाळायचं. एकाले घास देल्ला अन् दुसरा उपाशी ठेवला तं चालत नाई म्हने."

पंधरा दिवसांनी पहिली बाटली निघाली. देवमन कोपराच्या खोबणीत कापूस दाबून घरी आला.

"रक्ताचं काय केलं त्याइनं?" वच्छलानं विचारलं.

"फेकलं."

"फेकलं!"

मित्रांनो, वच्छला भाजी धुतलेलं पाणीसुद्धा वालाच्या वेलाला घालते. तिच्या नवऱ्याचं बाटलीभर रक्त मोरीत ओतलं गेलं होतं. ती पहाटे उठली, मला राखेनं घासलं, अंबाडी आणली, वरून चिंचेचा कोळ ओतला. मी तिच्या हाताच्या जोरावरूनच ओळखलं. डॉक्टर काढतील तेवढं ती भरणार होती.

आणि मला काय वाटलं, ते लपवत नाही. मला आनंद झाला. इतकी वर्षं मी हेच काम केलं होतं. मी जीव ओतून ती भाजी काळी केली. देवमननं तीन भाकरी खाल्ल्या.

भागिरथेलाही दम निघेना. देवमन पडला तर शेषरावचं पत्र कोण आणणार? ती पदरात काहीतरी बांधून आली. नर्सबाई गरोदर बायांना रक्तवाढीच्या लाल गोळ्या द्यायच्या. बाया त्या घ्यायच्या आणि खायच्या नाहीत, तोंड कडू होतं म्हणून. घरोघरी डब्यांत, कोनाड्यांत, उतरंडीच्या मडक्यांत त्या पडून होत्या. भागिरथेनं साऱ्या गोळा केल्या.

"दोन सकाळी, दोन संध्याकाळी," ती म्हणाली. "भाजीत कुस्करून दे. गडीमानसं गोळी पाह्यली का लेकरं होतात."

अशा रीतीनं, मित्रांनो, आमच्या गावातल्या चौदा गरोदर बायांच्या गोळ्या एका पोस्टमननं खाल्ल्या. डबे रिकामे पाहून नर्सबाई खूश झाल्या. तालुक्याला त्यांचं कौतुक झालं.

देवमनही काही कमी नव्हता. डॉक्टरांनी विडी बंद केली, वच्छलानं विड्यांचा कट्टा चुलीत टाकला. देवमननं दुसरा आणला आणि लपवला. कुठं? दुपारी मला घासून पालथं घालतात, तेव्हा माझ्याखाली. बायको घरात नसली की तो मला एका कानानं उचलायचा, एक विडी काढायचा आणि हळूच परत ठेवायचा. नवरा बायकोपासून विडी लपवत होता, बायको नवऱ्यापासून गोळ्या लपवत होती, आणि दोघं मिळून डॉक्टरांपासून दोन्ही. सगळं माहीत असलेला एकच जीव घरात होता, आणि त्याला तोंड होतं ते फक्त वरून उघडं.

दुसरी बाटली निघाली. मग एका संध्याकाळी देवमन आला तो लंगडत. चप्पल काढली. डाव्या पायाचा अंगठा निळा होता, जांभळासारखा.

"डाक्टर चिडले," तो म्हणाला. "म्हने, म्या दोन बाटल्या काढल्या अन् रक्त उलटं चढलं. पह्यले वीस होतं, आता एकवीसच्या वर गेलं. म्हने, मी इकून उपसून राह्यलो, तू तिकून कोठून भरून राह्यला?"

वच्छला वाकून अंगठ्याकडे बघत होती.

"येत्या सोमवारी या म्हने, अन् बायकोले आना. रक्त खाली आलं नाई तं अकोल्याले पाठवतो. आंगठा कापा लागंन. आंगठ्यावर नाई थांबलं तं पाऊल."



मला तेव्हा कळलं. भरणारी मी होते. इतकी वर्षं ज्यासाठी बाया मला डोक्यावर घेऊन नाचल्या, तेच मी या माणसाच्या ताटात वाढत होते, आणि ते त्याच्या अंगठ्यात जाऊन गोठत होतं. घरात शहाणी माणसं होती आणि कळलं कढईला. आता सांगायचं कसं?

वच्छलाला मात्र उलटंच कळलं. तिला वाटलं, अंगठा निळा पडला कारण रक्त तिथवर पोचत नाही, आणि पोचत नाही कारण कमी पडलं. मंगळवारपासून भाजी दोन वेळ झाली. गोळ्या दोनाच्या तीन झाल्या.

बुधवारी मी भाजी लावली. मुद्दाम, बुडाला धरून ठेवली, धूर निघेपर्यंत. कढईला एवढंच करता येतं. वच्छलानं खरवडून तेच वाढलं आणि म्हणाली, "खा. खरवड तं अजून चांगली, त्यात लोखंड जास्त." शुक्रवारी अंगठ्याच्या टोकाला काळा ठिपका दिसला. शनिवारी तो मसुराएवढा झाला. रात्री देवमन पाय खाटेखाली लोंबता सोडून बसायचा, आडवं झालं की आग व्हायची. विडी ओढायला म्हणून त्यानं मला उचललं, कट्टा हातात घेतला, अंगठ्याकडे पाहिलं आणि तरीही एक विडी काढली. मित्रांनो, मी त्याला नावं ठेवत नाही. भ्यालेला माणूस ओळखीच्या वस्तूलाच हात घालतो.

सोमवार उजाडला. वच्छला पहाटेच उठली होती. डॉक्टरनं बोलावलंय म्हणजे तो म्हणणार, नवऱ्याला खायला घालत नाही. मग त्याला दाखवायलाच हवं. तिनं अंबाडी रटरटून काळीभोर केली, वर झाकण ठेवलं, आणि मला कानांसकट फडक्यात बांधलं.

"हे काय?" देवमन म्हणाला.

"डाक्टरले दाखवीन. आमी कसं खाऊ घालतो ते."

एसटीत चढताना देवमन पायरीवरच थांबला. मागून लोक ओरडले, "चढ ना बे!" त्याचा हात छातीवर गेला. वच्छलानं मला पटकन खाली ठेवलं, त्याच्या खाकी खिशातून शिशी काढली, गोळी त्याच्या जिभेखाली सारली. मग कोणी ओरडलं नाही. कंडक्टरनं घंटीच्या दोरीवरचा हातसुद्धा काढून घेतला. सगळी गाडी एका माणसाच्या तोंडातली गोळी विरघळायची वाट पाहत उभी. कळ उतरली. देवमन आत येऊन बसला.

गाडी हलल्यावर कंडक्टरनं विचारलं, "बाई, फडक्यात काय हाय?"

"भाजी."

"कढईसकट?"

"मंग काय हवेत आनू?"

वाशीमच्या स्टँडपासून दवाखाना जवळच, आमच्या मापानं दोन लिंब. देवमनला ते अंतर तोडायला पाच मुक्काम लागले. वच्छलाच्या डोक्यावर मी, तिच्या खांद्यावर तो. प्रत्येक मुक्कामाला ती विचारायची, "चाललं?" आणि तो म्हणायचा, "चाललं." तिच्या मानेची शीर उडत होती, ते ठोके माझ्या बुडापर्यंत पोचत होते.

डॉक्टरांनी अंगठा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "विडी?"

"बंद हाय," देवमन म्हणाला.

"म्याच चुलीत टाकली," वच्छला म्हणाली.

"मग हे रक्त वाढतं कशानं? खाता काय?"

याच प्रश्नाची ती वाट पाहत होती. तिनं मला टेबलावर ठेवलं, गाठ सोडली, झाकण काढलं. डॉक्टरांच्या चष्म्यावर वाफ धरली. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं. मग बोटानं थोडी भाजी चाखली. कंपाउंडर मदनसिंग दारातून बघत होता.

"उत्तम झाली आहे," डॉक्टर म्हणाले. "ही रोज?"

"दोन वेळ," वच्छला अभिमानानं म्हणाली. "तुमी काढता, आमी भरतो."

डॉक्टर खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं.

"आणखी काही देता?"

वच्छलानं पदराची गाठ सोडली. लाल गोळ्या टेबलावर घरंगळल्या, एक माझ्या कानापाशी येऊन थांबली. देवमन त्या गोळ्यांकडे पाहतच राहिला. "मले? बायाच्या गोळ्या?"

"किती दिवसांपासून?" डॉक्टरांचा आवाज अगदी हळू झाला होता.

"पह्यल्या बाटलीपासून."

डॉक्टर रागावले असते तर वच्छला भांडली असती. तिनं पदर खोचलाच होता. पण ते उठले आणि म्हणाले, "मदनसिंग, सुई आण. बाई, तुम्ही इथंच उभ्या राहा. बघा."

देवमनला बाकावर निजवलं. सुई टोचली. आणि रक्त येईना. थेंब आला, थांबला. मग पुन्हा एक. नळीतून ते सरकत होतं, वाहत नव्हतं. काळपट, जाड, तार धरल्यासारखं. मदनसिंगनं नळी चिमटीत धरून पुढं ढकललं. "पाह्यलं का बाई? आता हे पुढं ढकलू तं कसं ढकलू?"

वच्छला पाहत होती. आजवर तिला सगळ्यांनी कारखाने सांगितले होते, नळ्या सांगितल्या होत्या, आकडे सांगितले होते. तिनं एकही मानला नव्हता. पण रस घट्ट झाला की पातळ, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. ते तिनं झोपेतही ओळखलं असतं.

"हे तं काकवी झाली," ती म्हणाली. मग ओरडलीच, "अवो डाक्टरसाहेब, लागून जाईन न हे बुडाले! पानी टाका न याच्यात!"

"तेच करतोय, बाई," डॉक्टर म्हणाले. "महिन्यापासून तेच करतोय."

 वच्छलानं माझ्याकडे पाहिलं. मग देवमनच्या अंगठ्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे. मित्रांनो, मला आगीवर ठेवलंय, राखेनं घासलंय, घणानं ठोकलंय. ती नजर त्या सगळ्याहून जड होती. ती हळूच म्हणाली, "म्या केलं हे."

बाकावरून देवमन म्हणाला, "एकटी नाई केलं."

"तुमी उगे राहा."

"विडी बंद नाई, साहेब. कढईखाली असते."

वच्छलाची मान गर्रकन वळली. "माह्या कढईखाली?"

डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटतं, त्या खोलीत त्यांना एकच शहाणं कोणी दिसत होतं आणि ते बोलत नव्हतं. त्यांनी चिठ्ठी ओढली आणि लिहिलं. लाल गोळ्या बंद. विडी बंद, खरोखर बंद. आंबट भाजी जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्यात. कढई बंद. सही.

"अन् आंगठा?" वच्छलानं विचारलं.

"आठ दिवस थांबतो. एक दिवस जास्त नाही."

भाजीचं काय झालं म्हणाल, तर ती मदनसिंगनं खाल्ली. त्याचं रक्त नऊ होतं.

ते आठ दिवस मी खुंटीवरून पाहिले. चुलीवर जर्मनचं पातेलं, हलकं, पांढरं, उगीच खडखडणारं. वच्छला रोज सकाळी दाराच्या उजेडात देवमनचा पाय मांडीवर घ्यायची आणि बोटानं अंगठा दाबून पाहायची, रंग परत येतो का. पहिल्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी आणखी एक बाटली निघाली. वच्छलानं विचारलं, "पह्यल्यापेक्षा सुटं हाय का?" देवमन म्हणाला, "वाहून राह्यलं." पाचव्या दिवशी काळा ठिपका मसुराएवढाच होता. सहाव्या दिवशीही मसुराएवढाच. कधी कधी न वाढणं हीच मोठी बातमी असते. सातव्या दिवशी तिनं बोट दाबलं, सोडलं, आणि निळ्याच्या कडेनं थोडं गुलाबी परत आलं. ती रडली नाही. तिनं पाय खाली ठेवला, विहिरीवर गेली आणि बऱ्याच वेळानं परत आली. घागर रिकामीच होती.

अंगठ्याचं नख गेलं आणि शेंड्याचं एवढंसं मांस गेलं. पाय राहिला. अकोल्याला जावं लागलं नाही.

आजार मात्र राहिले, दोन्ही. बाटली अजून निघते, आता दोन महिन्यांनी. गोळ्या आहेत. डॉक्टर म्हणाले, चालणं सोडायचं नाही. गोळा येईपर्यंत चाल, थांब, विरला की पुन्हा चाल. पोस्टमनला हा सल्ला देणारे ते पहिलेच.

आणि मी? मी खुंटीवर. दोन पावसाळे. माझ्या पोटात कोळ्यानं घर केलं. काठावर तांबडा गंज चढला. मला वाटायचं, बरंच झालं. माणसाचा पाय खायला निघालेल्या भांड्यानं आणखी काय मागावं? वच्छला माझ्याकडे पाहायची नाही. तिचा माझ्यावर राग नव्हता, मला माहीत आहे. मला पाहिलं की तिला स्वतःचा हात दिसायचा.

मग नर्सबाई आल्या. चौदा बायांच्या गोळ्यांची हकिकत त्यांच्या कानावर उशिरा गेली होती, त्यामुळे आधी त्या अर्धा तास रागावल्या. मग पाणी प्याल्या. मग त्यांची नजर खुंटीकडे गेली.

"ही का अशी टांगली?"

"डाक्टरनं बंद केली," वच्छला म्हणाली.

"कोणाला बंद केली?"

"याइले."

"मग यांना बंद. तांड्यावरच्या धनीबाईला आठवा महिना आहे, ओठ पांढरे पडलेत. तिला चालू."

वच्छलानं मला खाली उतरवलं. राख घेतली, काथ्या घेतला आणि घासू लागली. बराच वेळ घासत होती. गंज गेला तरी घासत होती. शेवटी आतून बाहेरून तेलाचा हात फिरवला आणि म्हणाली, "अवो, तांड्याची डाक हाय का आज?"

अशी मी टपालात गेले. देवमन एका खांद्यावर झोळी आणि पाठीवर मला बांधून निघाला. तिसऱ्या लिंबापाशी त्याच्या पोटरीत गोळा आला. टेकायला तिथं दगडही नव्हता. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, मला सोडलं, जमिनीवर पालथं घातलं आणि माझ्यावर बसला.

मित्रांनो, त्याचं सगळं वजन माझ्यावर होतं. तोच पाय माझ्या काठाला टेकला होता, शेंडा गेलेल्या अंगठ्याचा. गोळा विरेपर्यंत आम्ही दोघं बसलो. मग तो उठला, मला उचललं, आणि पुढचे तीन लिंब चालला.

धनीबाईचं बाळ धडधाकट झालं. मग तिथून दुसऱ्या घरी, तिसऱ्या. जिला हवी तिला नर्सबाई सांगतात आणि देवमन पोचवतो. आणि भागिरथेच्या दारात अजून त्याचा पाय धरतो. पण आता तो मला पालथी घालून बसतो, आणि म्हातारी घरातूनच ओरडते, "पत्र हाय का गोळा आला?"

"गोळा."

"बस मंग." आणि ती पाखडत राहते.

परवा तिनं तसंच विचारलं, "पत्र हाय का गोळा?"

देवमन माझ्यावर बसला, झोळीत हात घातला आणि म्हणाला, "दोनी."

सूप पडल्याचा आवाज मी ऐकला.

तेव्हा मित्रांनो, माझं मागणं फार नाही. घरी लोखंडी कढई असेल तर घासून कोरडी करा, तेलाचं बोट फिरवा, गंज चढू देऊ नका. एकाची गोळी दुसऱ्याला देऊ नका, कितीही जीव असला तरी. आणि कोणाच्या ताटात काही वाढायच्या आधी एकदा विचारा, तुला हे चालतं का? मला विचारता आलं नाही. तुम्हाला तोंड आहे.

आणि चालून थकला असाल तर उभे राहू नका. बसा. मी पालथीच आहे.